विश्लेषण : जहाजांच्या याद्यांतून वेठबिगारी उघडकीस आणणारे ई. डी. मोरेल कोण होते?

मोबाइलच्या बॅटरीतील कोबाल्ट कोणी खणले, अंगावरच्या शर्टाचा कापूस कोणी वेचला, हे प्रश्न आता कायद्याच्या पुस्तकात आले आहेत. ब्रिटन, फ्रान्स, जर्मनी, ऑस्ट्रेलिया, अमेरिका यांनी गेल्या दीड दशकात कंपन्यांना आपल्या पुरवठा साखळीतील सक्तीच्या मजुरीबद्दल उत्तर द्यायला लावणारे कायदे केले. सक्तीच्या मजुरीतून तयार झालेल्या मालावर युरोपीय महासंघाने घातलेली बंदी डिसेंबर २०२७ पासून लागू होईल. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या २०२२ मधील अंदाजानुसार जगात २ कोटी ७६ लाख लोक सक्तीच्या मजुरीत अडकलेले आहेत. मजूर हजारो मैलांवर असला तरी मालाचे कागद तपासून त्याच्यावरची सक्ती ओळखता येते, हा या कायद्यांमागचा विचार. तो सर्वांत आधी परिणामकारकपणे वापरला तो कोणा न्यायाधीशाने किंवा मुत्सद्द्याने नव्हे, तर एका जहाज कंपनीच्या कारकुनाने.

कारकून ते विभागप्रमुख

एडमंड डीन मोरेल यांचा जन्म १० जुलै १८७३ रोजी पॅरिसमध्ये झाला. वडील फ्रेंच, आई इंग्रज. वडील सरकारी नोकर होते. मोरेल चार वर्षांचे असताना ते वारले. आईने मुलाला इंग्लंडमध्ये शिकवले, पण पैशाअभावी शिक्षण फार पुढे गेले नाही. १८९१ मध्ये, अठराव्या वर्षी, मोरेल लिव्हरपूलच्या एल्डर डेम्पस्टर या जहाज कंपनीत कारकून म्हणून लागले. पगार तुटपुंजा होता. त्यामुळे रात्री ते पश्चिम आफ्रिकेच्या व्यापारावर वृत्तपत्रांसाठी लेख लिहीत. सुरुवातीच्या या लेखांत ते व्यापाऱ्यांचीच बाजू मांडत. काँगोतील अत्याचारांच्या बातम्या त्यांना तेव्हा अतिरंजित वाटत.

फ्रेंच उत्तम येत असल्याने कंपनीने त्यांच्याकडे काँगोचे काम सोपवले. अँटवर्प बंदर आणि काँगोतील बोमा यांदरम्यान माल नेण्याचा ठेका याच कंपनीकडे होता. गोदीतला माल, कंपनीची कागदपत्रे आणि काँगो राज्याने प्रसिद्ध केलेली आकडेवारी यांचा मेळ घालण्यासाठी मोरेल यांना वारंवार बेल्जियमला जावे लागे.

गोदीवर त्यांना काय दिसले?

काँगो तेव्हा बेल्जियमची वसाहत नव्हता. १८८४-८५ च्या बर्लिन परिषदेनंतर तो राजा लिओपोल्ड दुसरा याच्या वैयक्तिक ताब्यात होता. बेल्जियमच्या सत्तर पटींहून मोठा हा मुलूख त्याने मुक्त व्यापार आणि स्थानिकांचे कल्याण यांची हमी देऊन मिळवला होता. गुलामांच्या व्यापाराविरुद्ध लढणारा राजा अशीच त्याची युरोपात ख्याती होती.

अँटवर्पला येणारी जहाजे रबर आणि हस्तिदंत यांनी काठोकाठ भरलेली असत. परत जाताना त्यांत काय भरले जाते, हे मोरेल पाहू लागले. प्रामुख्याने बंदुका आणि काडतुसे. त्यांच्या हिशेबाने काँगोत जाणाऱ्या मालापैकी सुमारे ८० टक्के मालाचा व्यापाराशी संबंधच नव्हता. कापड, भांडी, मीठ अशा ज्या वस्तूंच्या बदल्यात आफ्रिकेत त्या काळी रबर विकत घेतले जाई, त्या वस्तू नगण्य होत्या. रबर गोळा करणाऱ्या गावकऱ्यांना रोख पैसेही दिले जात नव्हते. मग हे रबर येते कशाच्या मोबदल्यात? मोबदला नाही आणि शस्त्रे मात्र जात आहेत, याचा मोरेल यांच्या लेखी एकच अर्थ निघत होता, तो म्हणजे सक्तीची मजुरी. शिवाय उतरणारा माल आणि काँगो राज्याने जाहीर केलेले आकडे जुळत नव्हते. प्रत्यक्ष उत्पन्न बरेच जास्त होते, म्हणजे मधला फरक कोणाच्या तरी खिशात जात होता.

ही माहिती गुप्त नव्हती, हे येथे लक्षात घ्यायला हवे. तोच माल गोदीतले कामगार, सीमाशुल्क अधिकारी, विमा उतरवणारे, दलाल असे शेकडो लोक रोज पाहत होते. आलेला आणि गेलेला माल एकाच कागदावर मांडून पाहण्याचे मात्र कोणी मनावर घेतले नव्हते. मोरेल काँगोला आयुष्यात कधीच गेले नाहीत.

रबरामागची यंत्रणा कशी होती?

डनलॉपने १८८८ मध्ये हवा भरलेला टायर आणला आणि सायकली, पुढे मोटारी यांच्यासाठी रबराची मागणी कडाडली. आशियातील रबराच्या लागवडी तयार व्हायला अजून काही वर्षे होती. तोवर काँगोच्या जंगलातील रानवेलींचे रबर म्हणजे सोने होते आणि लिओपोल्डला घाई होती. लागवडीखाली नसलेली सगळी जमीन राज्याची आणि तिच्यावरचे रबरही राज्याचे, असे त्याने फर्मानांद्वारे ठरवून टाकले. एका झटक्यात गावकऱ्यांची जंगलातील वहिवाट चोरी ठरली. मोठमोठे प्रदेश कंपन्यांना मक्त्याने दिले गेले. त्यांपैकी एका बड्या कंपनीच्या नावात इंडिया हा शब्द होता, पण त्याचा भारताशी संबंध नाही. त्या काळी इंग्रजीत रबरालाच इंडिया रबर म्हणत.

प्रत्येक गावावर ठरावीक वजनाचे रबर आणून देण्याची सक्ती असे. त्यासाठी पुरुषांना दिवसचे दिवस जंगलात राहावे लागे. रबर येईपर्यंत बायकांना ओलीस ठेवले जाई. कंपनीच्या गोऱ्या एजंटांचा पगार कमी आणि रबराच्या वजनावर दलाली मोठी, त्यामुळे मागणी वाढतच जाई. रबर कमी आले की सैनिक येत. काडतुसे शिकारीवर वाया जाऊ नयेत म्हणून प्रत्येक काडतुसामागे मारलेल्या माणसाचा उजवा हात दाखवण्याची पद्धत पडली. सैनिकांनी शिकार केलीच, आणि हिशेब जुळवण्यासाठी जिवंत माणसांचे हात तोडले. हत्या, उपासमार, रोगराई आणि घटलेले जन्म यांमुळे त्या काळात काँगोची लोकसंख्या सुमारे एक कोटीने घटली, असे काही इतिहासकार मानतात. या आकड्यावर मतभेद आहेत, घट प्रचंड होती यावर नाहीत.

नोकरी सोडून काय केले?

मोरेल हा हिशेब घेऊन कंपनीचे प्रमुख आल्फ्रेड जोन्स यांच्याकडे गेले. जोन्स हे लिव्हरपूलमधील बडे प्रस्थ, आणि काँगो राज्याचे तेथील मानद वाणिज्य दूतही. म्हणजे ज्याच्याकडे तक्रार करायची, त्याचेच हितसंबंध त्या रबरात गुंतलेले. मोरेल यांना दुसरीकडे वरच्या जागेची आणि अधिक पैशांची तयारी दाखवण्यात आली. ती नाकारून १९०१ मध्ये त्यांनी नोकरी सोडली. तेव्हा ते २८ वर्षांचे होते आणि घरी बायको-मुले होती. १९०३ मध्ये त्यांनी ‘वेस्ट आफ्रिकन मेल’ हे साप्ताहिक सुरू केले. लिव्हरपूलचे व्यापारी जॉन होल्ट आणि पुढे चॉकलेटवाले विल्यम कॅडबरी यांनी त्यांना पैसा पुरवला.

कायद्याच्या दृष्टीने मोरेल यांच्या हाती फार थोडे होते. सक्तीच्या मजुरीवर आंतरराष्ट्रीय बंदी नव्हती. अशा मालाची आयात रोखण्याची सोय नव्हती. होता तो फक्त बर्लिनचा करार. लिओपोल्डने मुक्त व्यापाराचे वचन मोडून इतर देशांच्या व्यापाऱ्यांना काँगोबाहेर ठेवले, हा मुद्दा मोरेल यांनी पकडला. माणुसकीच्या प्रश्नासाठी व्यापाराच्या कलमाचा आधार घेणे काहींना खटकले. मोरेल यांना त्यात विसंगती वाटत नव्हती. जमिनीतून निघणारे पीक तेथील माणसाचे असेल तरच तो ते विकू शकतो, आणि विकू शकतो तोच माणूस स्वतंत्र, असा त्यांचा युक्तिवाद होता.

मे १९०३ मध्ये ब्रिटिश संसदेच्या हाउस ऑफ कॉमन्सने काँगोबाबत ठराव केला. सरकारने काँगोतील आपले दूत रॉजर केसमेंट यांना अंतर्गत भागात पाठवले. त्यांचा अहवाल फेब्रुवारी १९०४ मध्ये प्रसिद्ध झाला. कागदावरून मोरेल यांनी काढलेला निष्कर्ष आता डोळ्यांनी पाहणाऱ्या अधिकाऱ्याने पक्का केला होता. दोघांच्या भेटीतून मार्च १९०४ मध्ये काँगो रिफॉर्म असोसिएशन उभी राहिली. सुरुवातीचे शंभर पौंड केसमेंट यांनी दिले. मिशनरी ॲलिस सीली हॅरिस यांनी काढलेली छायाचित्रे सभांमध्ये पडद्यावर दाखवली जाऊ लागली. आपल्या लहान मुलीच्या तोडलेल्या हातापायाकडे पाहत बसलेल्या बापाचे छायाचित्र त्यांतलेच. मोरेल अमेरिकेत जाऊन अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांना भेटले. मार्क ट्वेन आणि आर्थर कॉनन डॉयल यांनी या प्रश्नावर लिहिले. मोरेल यांचे ‘रेड रबर’ हे पुस्तक १९०६ मध्ये आले.

चॉकलेटचा पेच काय होता?

पुरवठा साखळीच्या कायद्यांवर बोलताना या प्रकरणाची जेवढी चर्चा व्हायला हवी, तेवढी होत नाही. काँगोतील वेठबिगारीविरुद्ध मोरेल यांना पैसे देणारे विल्यम कॅडबरी यांचे स्वतःचे कोको कुठून येत होते? मोठा हिस्सा साओ टोमे या पोर्तुगीज बेटावरून. तेथे अंगोलातून आणलेले मजूर राबत. कागदावर ते पाच वर्षांच्या करारावर होते, प्रत्यक्षात कोणी परत जात नसे. १९०१ मध्ये बेटावरील एका मळ्याच्या विक्रीची जाहिरात कॅडबरी यांच्या पाहण्यात आली. तीत जमीन आणि इमारतींबरोबर दोनशे मजुरांचीही किंमत लावलेली होती.

तरी त्यांनी त्या बेटाचे कोको घेणे बंद केले मार्च १९०९ मध्ये. मधली आठ वर्षे चौकशी, पत्रव्यवहार, पोर्तुगीज सरकारशी बोलणी यांत गेली. १९०५ मध्ये त्यांनी जोसेफ बर्ट यांना पाहणीसाठी पाठवले, तेही आधी पोर्तुगीज शिकवून. आपण खरेदीदार राहिलो तरच आपला दबाव राहील, असे कॅडबरींचे म्हणणे होते. आजच्या अनेक कंपन्यांचेही हेच म्हणणे असते, आणि ते सर्वस्वी खोटे नसते. पण त्या आठ वर्षांत कोको येत राहिले आणि चॉकलेट विकले जात राहिले. ‘स्टँडर्ड’ या वृत्तपत्राने १९०८ मध्ये कॅडबरींवर ढोंगाचा आरोप केला. कॅडबरींनी बदनामीचा खटला भरला आणि डिसेंबर १९०९ मध्ये तो जिंकलाही. ज्युरींनी नुकसानभरपाई दिली एक फार्दिंग, म्हणजे पेनीचा चौथा भाग. पैशात नुकसान मोजायचे तर एवढेच, असा त्याचा अर्थ लोकांनी घेतला.

दुसऱ्याच्या साखळीतील वेठबिगारी दिसणे आणि स्वतःच्या साखळीतील दिसल्यावर खरेदी थांबवणे, यात आठ वर्षांचे अंतर पडले. तेही प्रामाणिक समजल्या जाणाऱ्या माणसाकडून. सदिच्छेवर न विसंबता कायद्याने मुदत आणि दंड घालण्याचे कारण यात आहे.

लिओपोल्डचे काय झाले?

लिओपोल्डने स्वतः नेमलेल्या चौकशी आयोगानेही आरोप बव्हंशी खरे ठरवले. १५ नोव्हेंबर १९०८ रोजी बेल्जियमने काँगो आपल्या ताब्यात घेतला; पुढच्या वर्षी राजा वारला. मोरेल यांनी लगेच समाधान मानले नाही. जमिनीवरचा हक्क स्थानिकांना परत मिळेपर्यंत ब्रिटनने या हस्तांतराला मान्यता देऊ नये, असा त्यांचा आग्रह होता. संघटना १९१३ मध्ये विसर्जित झाली. जंगली रबराची सक्ती सैल झाली होती. पण नव्या राजवटीने रोख स्वरूपात डोईपट्टी बसवली आणि ती भरण्यासाठी लोकांना खाणी आणि मळ्यांत काम करणे भाग पडले. सक्तीचे रूप बदलले, ती संपली नाही.

मोरेल यांचे पुढचे आयुष्य वादळी होते. पहिल्या महायुद्धाला त्यांनी उघड विरोध केला. युद्धविरोधी पत्रके स्वित्झर्लंडमध्ये लेखक रोमाँ रोलाँ यांच्याकडे पाठवल्याबद्दल १९१७ मध्ये त्यांना सहा महिन्यांची शिक्षा झाली. त्या कारावासाने त्यांची प्रकृती खचली. १९२२ मध्ये बंगालच्या तागावर चालणाऱ्या गिरण्यांच्या डंडी शहरातून ते मजूर पक्षातर्फे निवडून आले. पराभूतांमध्ये विन्स्टन चर्चिल होते. १२ नोव्हेंबर १९२४ रोजी, ५१ व्या वर्षी मोरेल यांचा मृत्यू झाला.

चरित्राला डाग नाही असे नाही. १९२० मध्ये ऱ्हाइनलँडमध्ये तैनात असलेल्या फ्रान्सच्या आफ्रिकी सैनिकांविरुद्ध त्यांनी चालवलेली मोहीम उघड वर्णद्वेषी होती. कृष्णवर्णीय पुरुष म्हणजे गोऱ्या स्त्रियांवरचे संकट, असे चित्र त्यांनी रंगवले. काँगोतील आफ्रिकी माणसासाठी तारुण्य खर्चणाऱ्या लेखणीतूनच हे उतरले. त्यांची आफ्रिकेबद्दलची कणव समान माणूस म्हणून नव्हती, तर त्याने आपल्या जागी सुखाने राहावे अशी होती, हे टीकाकारांचे म्हणणे खोडून काढणे अवघड आहे.

आजच्या कायद्यांत मोरेल कुठे दिसतात?

मोरेल यांच्या मृत्यूनंतर दोन वर्षांनी, १९२६ मध्ये, राष्ट्रसंघाने गुलामगिरीविरोधी करार केला. १९३० मध्ये आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने सक्तीच्या मजुरीविरुद्धचा करार केला. शिक्षेच्या धाकाने करून घेतलेले आणि माणसाने स्वतःहून न स्वीकारलेले काम म्हणजे सक्तीची मजुरी, ही व्याख्या आजही तिथूनच घेतली जाते. भारताने हा करार १९५४ मध्ये मान्य केला. त्याच १९३० साली अमेरिकेने सक्तीच्या मजुरीच्या मालाची आयात कायद्याने रोखली. पण देशात पुरेसा तयार न होणारा माल या बंदीतून वगळला होता. ही पळवाट बंद व्हायला २०१६ उजाडले.

ब्रिटनच्या २०१५ च्या कायद्यानुसार ३ कोटी ६० लाख पौंडांहून अधिक उलाढालीच्या कंपन्यांना दरवर्षी निवेदन काढावे लागते. आपण यासाठी काहीही केले नाही, असे लिहिले तरी या कायद्याची अट पूर्ण होते! माहिती उघड झाली की बाजार आपोआप शिक्षा करील, अशी यामागे अपेक्षा आहे. अँटवर्पच्या गोदीवरही माहिती उघडच होती. फ्रान्सने २०१७ मध्ये त्यापुढे जाऊन मोठ्या कंपन्यांवर दक्षतेची जबाबदारी टाकली आणि तिच्यात कसूर झाल्यास न्यायालयात जाण्याची वाट ठेवली. बांगलादेशातील राणा प्लाझा इमारत २०१३ मध्ये कोसळून अकराशेहून अधिक कामगार मेले, त्या धक्क्यातून या कायद्याला बळ मिळाले. जर्मनीचा कायदा २०२३ पासून अमलात आला.

मोरेल यांच्या तर्काच्या सर्वांत जवळ जातो तो अमेरिकेचा २०२१ चा उइघुर कायदा. चीनच्या शिनजियांग प्रांतातील कापूस किंवा अन्य कच्चा माल वापरलेली वस्तू सक्तीच्या मजुरीतून आली, असेच तो गृहीत धरतो. तसे नाही हे आयातदाराने कागदपत्रांनिशी सिद्ध करायचे. मोरेल यांचा सवालही असाच होता. मोबदला दिल्याचा पुरावा नसेल, तर सक्ती नव्हती हे तुम्ही दाखवा. युरोपीय बंदीत मात्र पुराव्याचा भार तपास यंत्रणांवरच ठेवला आहे. त्यामुळे तिचा परिणाम किती होईल, हे तपासनीसांची संख्या आणि चिकाटी यांवर ठरेल.

वहीत न दिसणारी सक्ती

मोरेल यांच्या पद्धतीला एक मर्यादा आहे आणि ती आपल्याकडे चटकन दिसते. काँगोत मजुराकडे काहीच जात नव्हते, म्हणून चोरी पकडली गेली. कर्जाच्या वेठीत पैसा जातो, आणि तो आधीच जातो. महाराष्ट्रातील ऊसतोडीत मुकादम हंगामाआधी कोयत्याला, म्हणजे नवरा-बायकोच्या जोडीला, उचल देतो. ती तोडणीच्या मजुरीतून फिटायची असते. बाकी राहिली तर पुढच्या हंगामावर चढते. प्रत्येक उचल म्हणजे वेठबिगारी नव्हे. पण कारखान्याच्या किंवा साखर घेणाऱ्या कंपनीच्या कागदावर ही रक्कम मजुरी दिल्याचीच खूण म्हणून दिसेल. काम सोडून जायची मुभा होती का, हे तिथे नोंदलेले नसते.

भारतात यासाठी लागणारा मूळ कायदा आहे. संविधानाचा अनुच्छेद २३ वेठबिगारीला मनाई करतो, १९७६ च्या कायद्याने वेठबिगारांची कर्जे रद्द ठरवली, आणि १९८२ मध्ये एशियाडच्या बांधकाम मजुरांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने किमान वेतनापेक्षा कमी मजुरीवर राबवणे हीदेखील सक्तीची मजुरी ठरवली. अखेरच्या खरेदीदाराला जबाबदार धरणारा स्वतंत्र कायदा मात्र नाही. सेबीच्या नियमांनुसार बाजारमूल्याने मोठ्या एक हजार नोंदणीकृत कंपन्यांना जबाबदारी अहवाल द्यावा लागतो. त्यात सक्तीच्या मजुरीबाबतही प्रश्न आहेत. निर्यातदारांना त्याहून कडक प्रश्न परदेशी ग्राहकांकडून येत आहेत.

जगातील सुमारे ७० टक्के कोबाल्ट आजही काँगोतूनच येते. त्यातले बहुतांश मोठ्या यांत्रिक खाणींतले असते, तर काही हाताने खणणाऱ्यांचे, ज्यांत मुलेही असतात. खाणींजवळच्या व्यापाऱ्यांकडे हे खनिज एकत्र होते आणि शुद्धीकरणासाठी बहुतांशी चीनला जाते. तिथून निघताना ते वेगळे ओळखता येत नाही. डिसेंबर २०२७ नंतर एखाद्या बॅटरीबद्दल शंका आली, तर युरोपीय तपासनीसांना शोध याच टप्प्यापासून मागे न्यावा लागेल.